प्रिय मिसेस अन्विल

बर्सलेम,
९ डिसेंबर १९५१

प्रिय नेस्त,

स. न. वि. वि.

आम्ही दोघी पोचलो. गाडी वाटेत धुक्यात अडकून पडली, तेव्हा जिलियन माझ्या मांडीवर झोपली आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर काहीच दिसत नव्हतं. असंच धुकं असेल ना गं त्या दिवशी, त्या पुलाच्या वळणावर? पोलीस म्हणाला की तुमच्या नवऱ्याची काही चूक नव्हती बाई, लॉरी अगदी हळू चालली होती, कठडाच दिसला नसणार. चूक नव्हती हे ऐकून बरं वाटायला हवं. मला नाही वाटलं.

स्वतःच्या भावाला मूठमाती देताना तू तुझं रडणं बाजूला ठेवलंस आणि माझ्या कमरेला हात घालून उभी राहिलीस, हे मी विसरायची नाही. प्रार्थना तुमच्या भाषेत, गाणी तुमच्या भाषेत, लोक माझ्याजवळ येऊन बोलत होते तेही तुमच्याच भाषेत. माझ्याच नवऱ्याला मी पाहुणीसारखी निरोप देत होते. तू मधूनमधून कानाशी सांगत होतीस, म्हणून आता काय चाललंय एवढं तरी कळलं.

तुझ्या आईविषयी लिहू की नको, असा विचार करत होते. लिहिते. त्याला तिकडे पुरायचं, ही त्यांची इच्छा. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, एकदा तरी जवळ घेतील. पण त्या खांबासारख्या उभ्या. निघताना हात पुढे केला, मी तो हातात घेतला, संपलं. लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत आमचं बोलणं झालं ते किती! त्यांना इंग्रजी गुरांच्या बाजारापुरतं, आणि मला तुमची भाषा चहा मागण्यापुरतीसुद्धा नाही. मधला दुभाष्या होता, तो गेला.

तुला एक सांगायचं राहिलं. डेपोतल्या मंडळींनी पाठवलेल्या फुलांवर चिठ्ठी होती, ‘आमच्या ऐरणीला’. तुमच्याकडचे दोघंतिघं ती वाचून एकमेकांकडे बघायला लागले. गैरसमज नको. इकडे अन्विल हे आडनाव कुणाच्या जिभेवर बसत नाही. सगळे अॅन्व्हिल म्हणतात, म्हणजे लोहाराची ऐरण. इद्वल कधी चिडला नाही. उलट म्हणायचा, ऐरण तर ऐरण, घाला किती घाव घालायचे ते. लग्नाआधी मी एकदा विचारलं होतं की तुमच्या नावाचा खरा अर्थ काय रे. तर म्हणाला, म्हातारपणी सांगीन, आत्ता सांगितला तर डोक्यावर बसशील. मग मीही ऐरणच धरून चालले.

आता कामावर जायला लागेन. कपांना सोनेरी काठ मारताना हात थरथरून चालत नाही, बघू कसं जमतंय. जिलियनला अजून वाटतं की बाबा लॉरी घेऊन लांब गेलाय.

तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
डोरीन


ब्रिन हावोद, बाला गावाजवळ,
२० जानेवारी १९५२

अन्विल डोरीन,

मी इंग्रजी लिहिते. चुका असतील. इथे बर्फ आहे. मेंढ्या खाली आणल्या. मी बरी आहे. तू बरी असशील. मूल बरे असेल.

लोणी पाठवते. मीठ जास्त आहे. धुऊन घे. मुलाचे पाय झाक.

इद्वलचा दगड बसला. चांगला दगड आहे.

पत्र लिही.

कात्रिन अन्विल


बर्सलेम,
३ फेब्रुवारी १९५२

प्रिय मिसेस अन्विल,

सा. न. वि. वि.

लोणी मिळाले, आभारी आहे. दगड बसल्याचे कळले, बरे झाले. जिलियनला खोकला होता, आता उतार आहे. मी पुन्हा कामावर जाऊ लागले आहे. माझी आई शेजारच्याच गल्लीत असल्याने मुलीची सोय होते.

आपली प्रकृती सांभाळावी.

आपली,
डोरीन अन्विल


ब्रिन हावोद,
१४ जून १९५३

प्रिय डोरीन,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. लोकर कातरायचे दिवस, त्यात शाळेच्या स्वयंपाकघरात माझ्या हाताखालची बाई बाळंतपणाला गेलेली. सव्वाशे पोरांसाठी बटाटे सोलून सोलून हाताला बटाट्याचाच वास येतो. चॅपलमध्ये शेजारी बसणारीनं परवा नाक मुरडलं. तिला म्हटलं, अत्तर आहे, महाग आहे.

आई बरी आहे. कोकरांच्या मागे डोंगर चढते आणि खाली आल्यावर गुडघ्यांना शिव्या घालते. पण तिचं एक खूळ तुला सांगायलाच हवं. रविवारी चॅपलहून आली की जेवणाचं टेबल पुसते, माझं शाळेतलं जुनं इंग्रजीचं पुस्तक काढते, आणि तुला पत्र लिहायला बसते. मी जवळ गेले की कागदावर हात ठेवते. एकदा म्हटलं, अगं सांग मला, मी लिहून देते, पाच मिनिटांचं काम. तर असं बघितलं माझ्याकडे! म्हणे, इद्वलच्या बायकोला मी लिहीन, तुझ्या हातचं तिला कशाला? चार ओळींना तिची अख्खी दुपार जाते. मग टपालपेटीपर्यंत स्वतः चालत जाते, मला देत नाही.

आणि तुझं पत्र आलं की पहिल्याच ओळीवर थांबते. बराच वेळ बघते आणि हसते, स्वतःशीच. मग पुढचं वाचते. काय गं लिहितेस एवढं पहिल्या ओळीत?

जिलियनचा फोटो पाठव. आणि काठ बिघडलेले कप फेकून देत असाल तर इकडे फेका. आमच्याकडे सोनं वाकडं असलं तरी चालतं.

आठवण असू दे, एवढंच मागणं.

तुझी नणंद,
नेस्त


बर्सलेम,
२३ ऑक्टोबर १९५५

प्रिय नेस्त,

स. न. वि. वि.

तू पाठवलेला मनुकांचा पाव आला. जिलियननं एकटीनं अर्धा संपवला आणि मग जेवायला नको म्हणाली. फोटो बघून तुला कळलंच असेल, हनुवटी तुमच्या घरची आहे. हट्टही तिथलाच.

सध्या शाळेतून रडत येते. नव्या बाई हजेरी घेताना अडखळल्या आणि अॅन्व्हिल म्हणाल्या. त्या दिवसापासून ती वर्गात आली की पोरं टण्ण, टण्ण करतात. मधल्या सुट्टीत एकीनं तिच्या डोक्यावर पट्टीनं ठोकलं, म्हणे ऐरण वाजते का बघू. तिचा बाप हसून घ्यायचा, पण तो सहा फूट उंच होता. सात वर्षांच्या पोरीनं कसं हसून घ्यावं?

तिनं मला विचारलं की आपलं नाव असं का? मला काय सांगता येणार होतं?

दुसरी गोष्ट लिहायला धीर होत नव्हता. आमच्याकडे कोळसा टाकायला येतो तो क्लिफर्ड ब्लूर, त्याच्याविषयी मी मागे लिहिलं होतं, तो बायको गेलेला. गेल्या हिवाळ्यात मी तापात पडले होते, तेव्हा विचारल्याशिवाय चूल पेटवून द्यायचा आणि जाताना पायरी धुऊन जायचा, त्याच्या बुटांचे डाग राहू नयेत म्हणून. बोलतो कमी. जिलियनला धिरडी भाजायला शिकवली त्यानं. त्यानं मला विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुझ्या भावाला विसरले असं समजू नकोस. स्वयंपाकघरात कुणी शीळ घातली तर अजून मान वळते माझी.

तुझ्या आई त्या पहिल्या ओळीला हसतात असं तू मागे लिहिलंस, तेव्हापासून मनात होतं. मी त्यात वेगळं काही लिहीत नाही. माझं अक्षर वाईट आहे, त्यालाच हसत असतील.

राग नको धरूस. रागावलीस तर तसं लिही, पण लिही.

डोरीन


बर्सलेम,
५ फेब्रुवारी १९५६

प्रिय मिसेस अन्विल,

सा. न. वि. वि.

नेस्तने आपल्याला सांगितले असेल, पण मी स्वतः कळवणे योग्य. येत्या मार्चमध्ये मी मिस्टर क्लिफर्ड ब्लूर यांच्याशी लग्न करत आहे. ते सज्जन आहेत आणि जिलियनवर त्यांचा जीव आहे.

जिलियनला ते रीतसर दत्तक घेणार आहेत. पुढे भावंडे झाली तर घरात सगळ्यांचे नाव एक असावे, असे आम्हां दोघांना वाटते. शाळेतही तिला नावावरून त्रास होतो. आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

आपली,
डोरीन


ब्रिन हावोद,
१९ फेब्रुवारी १९५६

अन्विल डोरीन,

लग्न कर. तू तरुण आहेस. एकटे राहणे वाईट. मला माहीत आहे. माणूस कोळशाचा आहे, घर गरम राहील.

मुलीचे नाव बदलू नको. हे मी मागते. दुसरे मागत नाही. इद्वल तिला शेत देऊन गेला नाही, घर नाही. नाव देऊन गेला.

ते जड नाही.

कात्रिन अन्विल


बर्सलेम,
२० मे १९५६

प्रिय नेस्त,

स. न. वि. वि.

लग्नाला तू पाठवलेली रजई पलंगावर घातली आहे. तू आली असतीस तर बरं झालं असतं, पण तुझी अडचण कळली. क्लिफ म्हणतो, नणंदेनं दुसऱ्या लग्नाला रजई पाठवली असं मी कुठे ऐकलं नाही, तिला एकदा बघायचंय.

कोर्टाचं काम गेल्या आठवड्यात झालं. जिलियन आता जिलियन ब्लूर. नवं नाव तिनं सगळ्या पुस्तकांवर लिहिलंय, कोळशाच्या गाडीच्या फळीवरसुद्धा. वर्गात कुणी टण्ण करत नाही म्हणाली.

तुझ्या आईंना कसं कळवू ते तू सांग. त्यांनी फेब्रुवारीत पत्र पाठवलं होतं, त्याला मी उत्तरच दिलं नाही. आज तुला खरं सांगते नेस्त, इतकी वर्षं गिळलं ते. त्यांनी लिहिलं की नाव बदलू नको, जणू मी त्यांच्या शेतावरची मोलकरीण. मी त्यांना दर वेळी मान देऊन लिहिते, आणि त्या? साडेचार वर्षांत माझ्या नावाआधी एक गोड शब्द नाही. आधी आडनाव, मग नाव. ‘अन्विल डोरीन.’ आमच्या कारखान्याच्या फाटकावरचा मुकादम अशी हजेरी घेतो. पोरीच्या वाढदिवसाच्या कार्डावरसुद्धा ‘अन्विल जिलियन’. चार वर्षांच्या मुलीला कुणी असं लिहितं का? मला वाटायचं, त्या आम्हांला बजावतायत की तुम्ही आमच्या आडनावाच्या, तेवढ्यापुरत्या आमच्या. मग म्हटलं, ठीक आहे, आडनावच उतरवून ठेवते, म्हणजे तेवढंही नको.

हे लिहून टाकल्यावर हलकं वाटतंय आणि लाजही वाटतेय. तुझी आई आहे ती. पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

जीव लाव तसाच, कमी करू नकोस.

डोरीन


ब्रिन हावोद,
२९ मे १९५६

प्रिय डोरीन,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी गोठ्यात उभी राहून वाचलं, आणि तशीच बादलीवर बसले.

आधी आईचं सांगते. तुझं पत्र यायच्या आधीच्या आठवड्यात ती चुलीपाशी पडली. उजवा हात आणि पाय गेला. बोलते, थोडं बोबडं, पण आमच्या भाषेत. इंग्रजी पार पुसलं गेलंय. डॉक्टरनं इंग्रजीतून विचारलं की आजी, आज वार कोणता, तर ती त्याच्याकडे कावळा ओरडतोय तसं बघत राहिली. डॉक्टर म्हणतो, कधीकधी असं होतं, मागाहून शिकलेलं आधी जातं. तुझ्यासाठी शिकली होती तेवढंच गेलं.

आता तुझ्या पत्राचं. डोरीन, ते आडनाव नव्हतं गं.

म्हणजे आडनाव तेच आहे, शब्दही तोच आहे. अन्विल म्हणजे प्रिय. लाडकी. आपल्या घराण्यात कधीकाळी कुणी इतका लाडका होता की लोकांनी त्याला तेच नाव लावलं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं. आमच्याकडे प्रत्येक पत्र याच शब्दानं सुरू होतं. आता शाळेत त्यात दोन ‘न’ लिहायला शिकवतात, आई चॅपलच्या जुन्या शाळेतली, ती एकच लिहिते, आडनावात आहे तसा. ती तुला दर वेळी ‘लाडक्या डोरीन’ म्हणत होती. पोरीला ‘लाडक्या जिलियन’.

तू म्हणशील, बाकी सगळं इंग्रजीत, मग तेवढा एक शब्द का ठेवला? मला माहीत आहे, कारण तिनं मला तेवढी एकच गोष्ट विचारली होती. इद्वल गेला त्या हिवाळ्यात म्हणाली की इंग्रजीत पत्राच्या सुरुवातीला माणसाला काय म्हणतात? मी सांगितलं, ‘डिअर’. ती उठली आणि खणातून खतवाल्या कंपनीचं पत्र घेऊन आली. त्यावर तेच होतं. म्हणाली, हे तर खतवालाही म्हणतो मला, आणि बँकवालाही. मी काय त्यांची लाडकी आहे? असला उष्टा शब्द मी इद्वलच्या बायकोला लिहायची नाही. आपलाच लिहिते, त्यानं सांगितलाच असेल तिला.

मलाही वाटलं, त्यानं सांगितलाच असेल.

आणि तुझ्या मनात होतं ना, ती तुझ्या पहिल्या ओळीला का हसते. मी काल तिला विचारलं. ‘प्रिय मिसेस अन्विल.’ तिला ते ‘प्रिय मिसेस प्रिय’ असं वाचता येतं गं. तिला वाटायचं, तू मुद्दाम करतेस. मला म्हणाली, पोरगी हुशार आहे, एकदा स्वतःच्या भाषेत म्हणते आणि एकदा माझ्या.

कबरीपाशी ती खांबासारखी उभी होती, हे खरं आहे. बाबांच्या वेळीही तशीच होती. घरी आल्यावर दुधाच्या खोलीत जाऊन दार लावून घेते. त्या दिवशी तू दिवाणखान्यात होतीस, तुला ऐकू आलं नसेल.

कोर्टाचं मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तू म्हणेपर्यंत. तुझ्यावर रागावले का? हो, बादलीवर बसले तेवढा वेळ. मग इद्वलवर रागावले. आता कुणावर रागावू?

जमेल तेव्हा ये.

नेस्त


बर्सलेम,
१० जून १९५६

प्रिय नेस्त,

पत्र मिळालं. किती वेळा बसले उत्तर लिहायला, कागद भिजतो आणि फाडावा लागतो.

त्यांची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. नवीन काहीच नाही त्यांत, तेच बर्फ, तेच लोणी, मुलाचे पाय झाक. पण आता वाचताना वेगळाच आवाज येतो. मला तो आवाज साडेचार वर्षं ऐकूच आला नाही. मी त्यांना मोजकं, कोरडं लिहीत राहिले आणि त्या त्यातसुद्धा गंमत शोधत राहिल्या.

क्लिफला सगळं सांगितलं. त्यानं तुझं पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं. मग म्हणाला, मला आधी कळतं तर मी नावाचा विषयच काढला नसता, माझं नाव काय, कोळशाच्या गाडीवर रंगवायला ठीक आहे. दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून कोर्टात विचारायला गेला. तिथला कारकून म्हणाला की असं आज करा उद्या पुसा होत नसतं. परत आला तो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

मला दिवस गेले आहेत, नोव्हेंबरमध्ये होईल. प्रवास आत्ताच करता येईल, म्हणून शाळेला सुट्टी लागली की जिलियनला घेऊन येते. एक हात जोडून विनंती, कोर्टाचं त्यांना सांगू नकोस. मी तुझ्या दारात येते आहे ते खोटं घेऊन येते आहे, ठाऊक आहे मला. पण त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. निदान ती मिळाली असं समजून त्यांना राहू दे.

तो शब्द नीट म्हणायचा कसा, ते आल्यावर शिकव.

डोरीन


ब्रिन हावोद,
७ ऑक्टोबर १९५६

प्रिय डोरीन,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तार मिळाली असेलच. आई गेल्या रविवारी दुपारी गेली. चॅपलमधून माणसं परतत होती तेव्हा. त्रास झाला नाही. गुरुवारी तिला बाबांच्या आणि इद्वलच्या मध्ये ठेवलं, जागा तिनंच राखली होती. तू येऊ शकली नाहीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. आठवा संपत आलेल्या बाईनं हे डोंगर चढायचे नसतात, आणि तू यायची तेव्हा आली होतीस.

तुम्ही येऊन गेलात ते तिला पुरलं. तू तिच्या उशाशी वाकून तो शब्द म्हणालीस आणि तिनं तुझा उच्चार दुरुस्त केला, तो प्रसंग मी इथे सगळ्यांना सांगितला. अर्धं तोंड वाकडं झालं तरी शिकवणं सुटलं नाही, असं म्हणून लोक रडता रडता हसले. तुझा हात हातात घेऊन ती झोपली, तेव्हा तू अवघडून तशीच बसून राहिली होतीस, मी दारातून बघत होते. तू लिहिलं होतंस ना, एकदा तरी जवळ घेतील असं वाटलं होतं म्हणून. तिला तेवढंच जवळ घेता येत होतं.

जिलियनही गुणी. तू आणि मी दुधाच्या खोलीत चरव्या धूत होतो, तेवढा वेळ आजीपाशी एकटी बसली, कंटाळली नाही. आम्ही आलो तेव्हा दोघींच्या तोंडात पेपरमिंट.

एक गोष्ट मात्र मला कळली नाही, ती डोक्यातून जात नाही. तुम्ही गेल्यावर आईला एका शब्दाचा नाद लागला. पडल्या पडल्या पुटपुटायची. ब्लो, ब्लऊ, असं काहीसं. आमच्या भाषेत पिठाला ‘ब्लाउद’ म्हणतात. मला वाटलं, पीठ मागतेय, पाव करायची सवय हाताला असते. एकदा परातीत पीठ घेऊन तिच्यापुढे धरलं, डावा हात धरून त्यात बुडवला. तिनं मान हलवली आणि पुन्हा तेच. शेजारीण म्हणाली, फुलं मागत असेल, आमचा फुलांचा शब्दही तसाच सुरू होतो. फुलं आणली, तर तीही नकोत. डॉक्टर म्हणाला, मेंदूचा खेळ आहे, अर्थ शोधू नका. पण ती वेड्यासारखी नाही गं म्हणायची. पोर पाढे म्हणतं तशी, थांबून, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटच्या आठवड्यात तर अगदी स्पष्ट यायला लागलं होतं, आणि आलं की माझ्याकडे बघायची, बरोबर आलं ना म्हणून विचारल्यासारखं. मी हो म्हणायची. काय करणार?

तिला काय हवं होतं ते मी देऊ शकले नाही, एवढं टोचतं.

घर आता फार मोठं झालंय. बाळ आलं की लगेच कळव, आणि माझ्याशी नातं तुटलं असं मनातही आणू नकोस.

तुझी नणंद,
नेस्त


बर्सलेम,
१८ नोव्हेंबर १९५६

प्रिय नेस्त,

स. न. वि. वि.

बाळ झालं, मुलगा, पाच तारखेला. दोघंही ठीक आहोत. क्लिफ त्याला हातात घ्यायला घाबरतो, हात तीन वेळा धुऊनसुद्धा. आधी वाटलं होतं, बाळाच्या बातमीबरोबर दुसरं काही लिहू नये. पण तुझं पत्र उशाखाली ठेवून मी झोपते आहे, आणि ते मला झोपू देत नाही. तुला टोचतंय असं तू लिहिलंस. ते तुझं नाही, माझं आहे, म्हणून सांगते.

ते पत्र मी स्वयंपाकघरात क्लिफला वाचून दाखवत होते. परातीत पीठ आणल्याचं वाचलं, तेव्हा जिलियन टेबलाखाली खेळत होती ती बाहेर आली. म्हणाली, पीठ नाही काही, ते माझं नाव होतं.

मग तिच्याकडून थोडं थोडं काढून घेतलं. आपण चरव्या धूत होतो तेव्हा आजीनं तिच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, जिलियन अन्विल. पोर म्हणाली, नाही, आता जिलियन ब्लूर. मी तुला गप्प राहायला सांगितलं, पण तिला सांगायचं मला सुचलंच नाही नेस्त. आजी तिच्याकडे नुसती बघत राहिली. पोरीला वाटलं, आजीला ऐकू येत नाही. म्हणून तिनं मोठ्यानं सांगितलं. मग कानाशी जाऊन सांगितलं. मग आजीनं डोळे मिटले, आणि पोर म्हणते, त्यांतून पाणी येत होतं, पण आजारी माणसांच्या डोळ्यांतून येतंच ना.

थोड्या वेळानं आजीनं डोळे उघडले आणि ते नाव म्हणून बघितलं. नीट आलं नाही. पुन्हा म्हटलं. जिलियननं मग आपल्या बाई शिकवतात तसं तोडून तोडून शिकवलं. आजीनं उशीखालून पेपरमिंट काढून तिला दिलं, एक स्वतः घेतलं, आणि म्हणत राहिली.

माझी मुलगी हे सगळं अगदी खुशीत सांगत होती. तू लिहिलं होतंस की शेवटी शेवटी स्पष्ट यायला लागलं होतं, ते ऐकून तर तिनं उडीच मारली. म्हणाली, तेव्हा तिला मुळीच येत नव्हतं, म्हणजे मी गेल्यावर आजीनं रोज अभ्यास केला.

डोरीन